व्हिडिओ डोअरबेलची घरगुती संगणक जाळ्याशी जोडणी

व्हिडिओ डोअरबेल म्हणजे कॅमेरा, मायक्रोफोन व ध्वनिक्षेपक असलेली दारावरची विद्युत घंटा होय. ती राउटरमार्फत घरगुती संगणक जाळ्याशी, म्हणजेच घरातील नेटवर्कशी, जोडली असता दाराशी आलेल्या व्यक्तीचे चित्र व आवाज घरातील पडद्यावर किंवा दूरवरच्या मोबाइल फोनवर पोहोचतात आणि त्या व्यक्तीशी बोलताही येते. ही जोडणी बहुधा वाय-फायद्वारे, तर काही प्रकारांत इथरनेट केबलद्वारे केली जाते.

जोडणीची गुणवत्ता प्रामुख्याने चार बाबींवर अवलंबून असते: घंटेला मिळणारा वीजपुरवठा, दाराशी पोहोचणाऱ्या वाय-फाय संकेताची तीव्रता, इंटरनेटचा अपलोड वेग आणि नेटवर्कची सुरक्षितता. हे उपकरण भौतिकदृष्ट्या घराबाहेर, परंतु नेटवर्कच्या दृष्टीने घराच्या आत असते. त्यामुळे इतर घरगुती उपकरणांच्या तुलनेत त्याच्या जोडणीत सुरक्षितता व खासगीपणा हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

## इतिहास

दारावरील कॅमेऱ्याची कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन आणि त्यांचे पती अल्बर्ट ब्राउन यांनी इ.स. १९६६ मध्ये दूरचित्रवाणीवर आधारित गृहसुरक्षा यंत्रणेच्या एकस्वासाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना अमेरिकेचे एकस्व मिळाले. या यंत्रणेत दारावर वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे होती व त्यांमागे वर-खाली सरकणारा कॅमेरा होता. आलेली व्यक्ती घरातील पडद्यावर दिसे, तिच्याशी बोलता येई आणि दाराची कडी दुरूनच उघडता येई.

पुढील काळात व्हिडिओ डोअर फोन प्रचारात आले. भारतातील मोठ्या शहरांच्या गृहसंकुलांतही ते बसवले जाऊ लागले. दाराबाहेरील कॅमेरा व घरातील पडदा यांना जोडणारी स्वतंत्र तार भिंतीतून नेलेली असे आणि ही यंत्रणा संगणक जाळ्याशी जोडलेली नसे.

स्वस्त वाय-फाय चिप, लहान आकाराचे डिजिटल कॅमेरे आणि स्मार्टफोन यांच्या प्रसारानंतर घंटा थेट घरातील नेटवर्कशी जोडणे शक्य झाले. जेमी सिमिनॉफ यांची ‘डोअरबॉट’ ही वाय-फाय घंटा इ.स. २०१३ मध्ये अमेरिकेतील ‘शार्क टँक’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सादर झाली. पुढे ‘रिंग’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही कंपनी इ.स. २०१८ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतली. त्याच वर्षी गूगलच्या नेस्ट या नाममुद्रेखालील व्हिडिओ डोअरबेलही बाजारात आली. त्यानंतर अनेक देशांतील उत्पादकांनी बॅटरीवर व विजेच्या तारेवर चालणारे विविध प्रकार आणले.

## उपकरणाची रचना

सर्वसाधारण व्हिडिओ डोअरबेलमध्ये विस्तृत कोनाचे भिंग असलेला कॅमेरा, अंधारात चित्रणासाठी अवरक्त किरणांचे दिवे, मायक्रोफोन, ध्वनिक्षेपक, घंटेचे बटण, चित्र संकुचित करणारा प्रक्रियक आणि वाय-फाय रेडिओ हे भाग असतात. हालचाल ओळखण्यासाठी बॅटरीवरील घंटांमध्ये बहुधा निष्क्रिय अवरक्त संवेदक वापरतात. तो मानवी शरीराच्या उष्णतेतील फरक टिपतो व अत्यल्प वीज वापरतो. सतत वीजपुरवठा असलेल्या घंटांमध्ये चित्रातील बदलांचे विश्लेषण करून माणूस, प्राणी वा वाहन यांत भेद करण्याची सोयही असते.

घंटेचा आवाज घरात ऐकू येण्यासाठी ‘चाइम’ हे स्वतंत्र उपकरण दिलेले असते. काही चाइम वाय-फायने राउटरशी जोडलेले असतात, तर काही कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरींनी थेट घंटेशी जोडलेले असतात. दुसऱ्या प्रकारात इंटरनेट किंवा वाय-फाय बंद पडले तरी घरातील घंटा वाजू शकते. पहिल्या प्रकारात राउटर बंद असल्यास बटण दाबूनही घरात आवाज पोहोचत नाही.

उपकरणाच्या वेष्टनावर ‘आयपी ५४’ किंवा ‘आयपी ६५’ अशी खूण आढळते. या ‘आयपी’चा इंटरनेट प्रोटोकॉलशी संबंध नाही. ती धूळ व पाणी यांपासून मिळणाऱ्या संरक्षणाची आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. ५४ श्रेणीचे उपकरण पाण्याचे शिंतोडे सहन करते. ६५ श्रेणीचे उपकरण धूळरोधक असते व पाण्याच्या कमी दाबाच्या फवाऱ्यातही टिकते. कोकणासारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात उघड्यावरील दारासाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

## वीजपुरवठा

नेटवर्कशी जोडणीचा विचार वीजपुरवठ्यापासून सुरू होतो, कारण अपुरी वीज मिळणारे उपकरण वाय-फायवरून वारंवार तुटते आणि दोष मात्र राउटरचा वाटतो.

अमेरिकेतील घरांत दारावरच्या घंटेला रोहित्रामार्फत साधारण १६ ते २४ व्होल्टची प्रत्यावर्ती वीज दिलेली असते. अनेक तारयुक्त व्हिडिओ डोअरबेल याच पद्धतीला अनुसरून बनवलेल्या आहेत. भारतातील घरांत मात्र घंटेचे बटण बहुतेक वेळा थेट २३० व्होल्टच्या वाहिनीवर असते. परदेशातून आणलेली कमी दाबाची घंटा जुन्या बटणाच्या तारांना तशीच जोडल्यास ती जळते, आणि जोडणाऱ्याला विजेचा प्राणघातक धक्का बसू शकतो. अशा घरांत मुख्य कळ बंद करून, योग्य क्षमतेचे रोहित्र बसवून घेणे आवश्यक असते. हे काम परवानाधारक वीजतंत्रीकडे सोपवले जाते.

बॅटरीवरील घंटेला तारांची गरज नसते. मात्र वीज वाचवण्यासाठी ती बहुतेक वेळ निद्रावस्थेत असते आणि बटण दाबले गेल्यावर किंवा हालचाल टिपल्यावर जागी होते. त्यामुळे चित्र दिसू लागण्यास काही सेकंद लागू शकतात. वाय-फायचा संकेत क्षीण असल्यास रेडिओला अधिक शक्तीने व पुनःपुन्हा प्रक्षेपण करावे लागते आणि बॅटरी लवकर संपते. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानातच प्रभारित करणे सुरक्षित मानले जाते. म्हणून विदर्भातील उन्हाळ्यात पश्चिमाभिमुख दारावर थेट ऊन पडणारी जागा अशा उपकरणास अयोग्य ठरते.

घंटा बॅटरीवर चालत असली तरी राउटर आणि प्रकाशतंतूची जोडणी उतरवून घेणारे उपकरण ही दोन्ही विजेवर चालतात. भारनियमन किंवा वीज खंडित होण्याच्या काळात ती बंद पडली की घंटेचा इंटरनेटशी संबंध तुटतो. यासाठी दोन्ही उपकरणांना पुरेल असा लहान यूपीएस वापरला जातो.

## जोडणीची माध्यमे

### वाय-फाय

बहुसंख्य घंटा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात. काही ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातही चालतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची सुमारे ६ सेंटिमीटर असते. अधिक लांबीच्या लहरी भिंतींतून तुलनेने कमी क्षीण होऊन जातात. म्हणून वेग कमी असूनही दारापर्यंत पोहोचण्यासाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सोयीचा पडतो. त्याची उणीव म्हणजे त्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या फार थोड्या आहेत. साधारणपणे १, ६ व ११ या तीनच वाहिन्या एकमेकींना अडथळा न करता वापरता येतात. दाट वस्तीच्या इमारतीत शेजारपाजारचे अनेक राउटर याच तीन वाहिन्यांवर असल्याने गर्दी होते.

संकेताची तीव्रता डीबीएम या एककात ऋण संख्येने दर्शवतात व ती शून्याच्या जितकी जवळ तितका संकेत चांगला असतो. उणे ५० ते उणे ६० डीबीएम ही स्थिती उत्तम मानली जाते. सुमारे उणे ६७ डीबीएमपर्यंत चलचित्र व्यवस्थित जाते. उणे ७५ च्या खाली चित्र अडखळते किंवा जोडणी तुटते. ही मोजणी दार बंद करून व घंटा जिथे बसवायची त्याच जागी करावी लागते. उघड्या दारात उभे राहून मोबाइलवर दिसणाऱ्या वाय-फायच्या पट्ट्या दिशाभूल करणाऱ्या ठरू शकतात.

महाराष्ट्रातील शहरी सदनिकांमध्ये मुख्य दाराबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर असण्याची पद्धत रूढ आहे. धातूचा पत्रा रेडिओ लहरी परावर्तित करतो आणि दाट जाळीही त्यांना बऱ्याच अंशी अडवते. प्रबलित काँक्रीटच्या खांबांतील सळयांचाही असाच परिणाम होतो. राउटर दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचामागे किंवा लोखंडी कपाटाजवळ ठेवलेला असल्यास त्यात भर पडते. उपायांमध्ये राउटर उंच व मोकळ्या जागी हलवणे, दाराजवळ विस्तारक बसवणे आणि एकाच नावाने चालणारे अनेक प्रवेशबिंदू असलेली मेश यंत्रणा वापरणे यांचा समावेश होतो. विस्तारक जिथे मूळ संकेत आधीच क्षीण आहे तिथे न ठेवता राउटर व दार यांच्या मध्यावर ठेवल्यास उपयोगी पडतो.

### इथरनेट

काही घंटा केबलद्वारे जोडल्या जातात. पॉवर ओव्हर इथरनेट या पद्धतीत एकाच केबलमधून माहिती व वीज दोन्ही जातात. तिचे पहिले मानक इ.स. २००३ मध्ये निघाले व त्यात प्रत्येक जोडणीस १५.४ वॅटपर्यंत वीज देण्याची तरतूद आहे. केबलची कमाल लांबी १०० मीटर असते. ही जोडणी सर्वांत स्थिर असली तरी बांधून झालेल्या घरात भिंती फोडून केबल नेणे खर्चिक पडते. म्हणून नव्या बांधकामात किंवा नूतनीकरणाच्या वेळीच तिचा विचार केला जातो. केबलचे टोक घराबाहेर येत असल्याने घंटा उचकटून त्या जागी संगणक जोडला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे ती जोडणी नेटवर्कच्या वेगळ्या विभागात ठेवणे इष्ट मानले जाते.

## प्रथम जोडणी

नव्या घंटेला घरातील वाय-फायचे नाव व पासवर्ड ठाऊक नसतो आणि तो भरण्यासाठी तिच्यावर कळफलकही नसतो. ही माहिती तिच्यापर्यंत पोहोचवण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत:

* तात्पुरते वाय-फाय: घंटा स्वतःच एक लहान वाय-फाय नेटवर्क सुरू करते. मोबाइल त्याला जोडला जातो व ॲपमधून घरातील वाय-फायचा तपशील घंटेला दिला जातो. त्यानंतर हे तात्पुरते नेटवर्क बंद होते.
* ब्लूटूथ: मोबाइल कमी ऊर्जेच्या ब्लूटूथद्वारे जवळच्या घंटेशी बोलतो व तपशील पाठवतो.
* क्यूआर संकेत: ॲप वाय-फायचा तपशील क्यूआर संकेताच्या रूपात मोबाइलच्या पडद्यावर दाखवते आणि घंटेचा कॅमेरा तो वाचतो.

तपशील मिळाल्यावर घंटा राउटरशी जोडली जाते आणि राउटर तिला स्थानिक आयपी पत्ता देतो. पुढे ती डोमेन नाव प्रणालीमार्फत उत्पादकाच्या सर्व्हरचा पत्ता शोधते, इंटरनेटवरून अचूक वेळ घेते व सर्व्हरशी कूटबद्ध संपर्क प्रस्थापित करून वापरकर्त्याच्या खात्याशी जोडली जाते. यातील वेळ घेण्याची पायरी वरकरणी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात घड्याळ चुकीचे असल्यास सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत तपासता येत नाही व संपर्क नाकारला जातो. चित्रणावरील तारीख-वेळेचे पुरावा म्हणून असलेले मोलही याच पायरीवर अवलंबून असते.

पहिल्या जोडणीत येणारी सर्वसाधारण अडचण म्हणजे मोबाइल ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर आणि घंटा केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी असणे. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असताना काही घंटांची नोंदणी अपयशी ठरते. अशा वेळी दोन पट्ट्यांना वेगळी नावे देणे किंवा नोंदणीपुरता ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बंद ठेवणे हा उपाय केला जातो.

## घंटा दाबल्यानंतरचा माहितीचा प्रवास

घरगुती नेटवर्कमधील सर्व उपकरणे राउटरच्या एकाच सार्वजनिक पत्त्याआडून इंटरनेट वापरतात. या पत्ता-रूपांतरणामुळे आतील उपकरण बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क सुरू करू शकते, परंतु बाहेरून आतील उपकरणापर्यंत थेट पोहोचता येत नाही. भारतातील अनेक इंटरनेट सेवादात्यांकडे रूपांतरणाचा आणखी एक थर सेवादात्याच्या पातळीवर असतो. त्यासाठी इ.स. २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पत्त्यांचा संच राखून ठेवण्यात आला. राउटरला बाहेरच्या बाजूने यांपैकी पत्ता मिळाला असेल, तर राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून आत येता येत नाही.

म्हणून घंटाच सर्व्हरशी संपर्क सुरू करते व तो टिकवून ठेवते. बटण दाबले जाताच ती सर्व्हरला सूचना पाठवते. सर्व्हर ती गूगल किंवा ॲपल यांच्या सूचनासेवेमार्फत मोबाइलवर पोहोचवतो. वापरकर्त्याने सूचना उघडली की मोबाइल व घंटा यांच्यात चित्र व आवाजाचा मार्ग ठरतो. वेबआरटीसी या तंत्रात दोन्ही टोके आधी आपापले बाह्य पत्ते शोधून थेट मार्ग जुळवण्याचा प्रयत्न करतात. तो साधला नाही तर मध्यस्थ सर्व्हरमार्फत चित्र पाठवले जाते. इ.स. २०२१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने वेबआरटीसीला अधिकृत मानकाचा दर्जा दिला.

या रचनेचा एक परिणाम असा की, घरात दारापासून दहा पावलांवर बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर दिसणारे चित्रही पुष्कळदा दूरच्या सर्व्हरचा फेरा करून येते. इंटरनेट खंडित झाल्यास अशा घंटेचे चित्र घरातही दिसत नाही.

## अपलोड वेग व साठवण

घंटेचे चित्र घरातून बाहेर जाते, म्हणून येथे डाउनलोडपेक्षा अपलोड वेग महत्त्वाचा असतो. एच.२६४ पद्धतीने संकुचित केलेल्या १०८० ओळींच्या चलचित्रास साधारण १ ते २ मेगाबिट प्रतिसेकंद वेग लागतो. एच.२६५ पद्धतीत त्याच दर्जासाठी कमी वेग पुरतो. प्रकाशतंतूच्या जोडणीत अपलोड वेग सहसा पुरेसा असतो. मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या राउटरवर तो कमी-अधिक होतो.

२ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने अखंड चित्रण केल्यास तासाला सुमारे ९०० मेगाबाइट, दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट आणि ३० दिवसांत सुमारे ६४८ गिगाबाइट माहिती तयार होते. त्यामुळे बहुतेक घंटा अखंड चित्रण न करता हालचालीच्या वेळचे काही सेकंदांचे तुकडेच साठवतात. साठवण उत्पादकाच्या सर्व्हरवर, घंटेतील किंवा चाइममधील मेमरी कार्डावर अथवा घरातील स्वतंत्र ध्वनिचित्रमुद्रकावर केली जाते. सर्व्हरवरील साठवणीसाठी पुष्कळदा मासिक वा वार्षिक वर्गणी लागते. वर्गणी नसल्यास काही घंटांमध्ये केवळ थेट चित्र दिसते, मागील चित्रण पाहता येत नाही. मेमरी कार्ड घंटेतच असल्यास घंटेबरोबर पुरावाही चोरीस जातो.

## स्थानिक जोडणी व खुली मानके

उत्पादकाच्या सर्व्हरवर विसंबून न राहता चित्र घरातच ठेवण्याची सोय काही घंटांमध्ये असते. त्यासाठी आरटीएसपी या प्रवाहनियमाचा आणि ॲक्सिस, बॉश व सोनी या कंपन्यांनी इ.स. २००८ मध्ये सुरू केलेल्या ऑनव्हिफ या मानकाचा उपयोग होतो. अशी घंटा कोणत्याही उत्पादकाच्या सुसंगत मुद्रकाशी किंवा होम असिस्टंटसारख्या मुक्तस्रोत आज्ञावलीशी जोडता येते. या रचनेत घंटेला स्थिर स्थानिक पत्ता राखून ठेवणे सोयीचे असते, अन्यथा राउटर पुन्हा सुरू झाल्यावर पत्ता बदलून मुद्रकाचा संपर्क तुटू शकतो. बॅटरीवरील घंटा निद्रावस्थेत जात असल्याने त्यांत अखंड प्रवाहाची ही सोय सहसा नसते.

घरगुती उपकरणांच्या परस्पर सुसंगतीसाठी इ.स. २०२२ मध्ये निघालेल्या मॅटर या मानकात सुरुवातीस कॅमेऱ्यांचा समावेश नव्हता. इ.स. २०२५ मधील आवृत्तीत तो करण्यात आला.

सेवा सर्व्हरवर अवलंबून असल्यास उत्पादकाने ती बंद करताच सुस्थितीतील घंटाही निरुपयोगी होऊ शकते. स्थानिक जोडणीत हा धोका कमी असतो. तथापि मुद्रकाची देखभाल, अद्ययावतीकरण व बाहेरून सुरक्षित प्रवेश यांची जबाबदारी वापरकर्त्यावरच येते.

## नेटवर्कची सुरक्षितता

इ.स. २०१६ मध्ये ‘मिराई’ या दुष्ट आज्ञावलीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे, मुद्रक व राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्यामार्फत डिन या कंपनीच्या डोमेन नाव सेवेवर हल्ला झाला आणि अमेरिका व युरोपमधील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. ज्यांच्या घरातील कॅमेरे यात वापरले गेले त्यांना बहुधा त्याची कल्पनाही नव्हती. इंटरनेटशी जोडता येणाऱ्या ग्राहकोपयोगी उपकरणांत सर्वांना सारखाच असलेला किंवा सहज ओळखता येणारा पासवर्ड देण्यास युनायटेड किंग्डममध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी आहे.

घंटेच्या बाबतीत पुढील उपाय सर्वसाधारणपणे सुचवले जातात:

* वाय-फायसाठी डब्ल्यूपीए२ किंवा इ.स. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ या संरक्षणपद्धतीचा वापर. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत इ.स. २००१ पासूनच असुरक्षित ठरली आहे.
* घंटेच्या खात्याला इतरत्र न वापरलेला पासवर्ड आणि द्विस्तरीय पडताळणी. दुसऱ्या संकेतस्थळावरून फुटलेला पासवर्ड वापरून कॅमेऱ्याच्या खात्यात शिरकाव झाल्याच्या घटना घडल्या आहेत.
* घंटेला पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर किंवा स्वतंत्र आभासी जाळ्यात ठेवणे, जेणेकरून घंटा ताब्यात गेली तरी घरातील संगणकांपर्यंत पोहोचता येणार नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कमध्ये उपकरणांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. त्यामुळे वाय-फाय चाइम किंवा स्थानिक मुद्रक वापरताना ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.
* राउटरवर घंटेसाठी पोर्ट उघडे न ठेवणे आणि आपोआप पोर्ट उघडणारी यूपीएनपी सोय बंद ठेवणे. बाहेरून स्थानिक चित्र पाहायचे असल्यास व्हीपीएनचा वापर केला जातो.
* घंटा व राउटर या दोहोंची आज्ञावली अद्ययावत ठेवणे.
* घर विकताना, भाड्याने देताना किंवा घंटा दुसऱ्यास देताना ती खात्यातून काढून मूळ स्थितीत आणणे. अन्यथा जुन्या मालकाला नव्या रहिवाशांचे दार दिसत राहते.

वाय-फायवरील घंटेला जोडणीतून हाकलणारे बनावट संदेश पाठवून तिचे चित्रण थांबवता येते. इ.स. २००९ च्या ८०२.११डब्ल्यू या मानकाने अशा व्यवस्थापन संदेशांना संरक्षण दिले व डब्ल्यूपीए३ मध्ये ते अनिवार्य आहे. रेडिओ लहरींमध्येच व्यत्यय आणणाऱ्या यंत्रापुढे मात्र हे संरक्षण चालत नाही. या कारणास्तव वाय-फाय घंटा हे सुरक्षेचे एकमेव साधन मानले जात नाही.

## खासगीपणा व कायदा

धोका केवळ बाहेरच्या घुसखोरांचा नसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इ.स. २०२३ मध्ये रिंग कंपनीवर कर्मचारी व कंत्राटदारांना ग्राहकांची खासगी चित्रणे पाहू दिल्याचा आणि खात्यांचे पुरेसे संरक्षण न केल्याचा आरोप ठेवला. कंपनीने तडजोडीत ५८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. सर्व्हरवर साठवलेले चित्रण उत्पादकालाही उलगडता येऊ नये यासाठी टोकापासून टोकापर्यंत कूटबद्धीकरण वापरले जाते. रिंगने काही उपकरणांसाठी ते इ.स. २०२१ मध्ये ऐच्छिक स्वरूपात उपलब्ध केले. ते चालू केल्यास चित्रावर सर्व्हरमध्ये होणारी काही प्रक्रिया बंद पडते.

घंटेच्या कॅमेऱ्यात दाराशी येणाऱ्यांखेरीज शेजारी, त्यांची मुले, घरकामगार, टपालवाहक व वस्तू पोहोचवणारे कर्मचारी यांचेही चित्रण होते. युरोपीय न्यायालयाने ११ डिसेंबर २०१४ रोजी चेक प्रजासत्ताकातील एका प्रकरणात निर्णय दिला की, घरावरील कॅमेरा सार्वजनिक जागेचेही चित्रण करत असेल तर ते निव्वळ घरगुती कृत्य ठरत नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील काउंटी न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये एका रहिवाशाच्या घंटेने व कॅमेऱ्यांनी शेजारी महिलेच्या माहिती-संरक्षण हक्कांचा भंग झाल्याचे ठरवले. दूरवरचे संभाषण टिपणारा मायक्रोफोन हा त्या निर्णयातील महत्त्वाचा मुद्दा होता.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मधून व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती प्रयोजनासाठी केलेली माहितीची हाताळणी वगळलेली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ई नुसार व्यक्तीच्या खासगी अवयवांचे संमतीविना चित्रण वा प्रसारण करणे हा गुन्हा आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने इ.स. २०२५ मध्ये एकाच वास्तूत राहणाऱ्यांच्या वादात, सहनिवाशाच्या संमतीविना निवासी भागात कॅमेरे चालवणे हे त्याच्या खासगीपणाचे उल्लंघन ठरवले.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये सदनिकेबाहेरचा जिना व मार्गिका सामाईक असतात आणि समोरासमोरच्या दारांत अंतर थोडे असते. त्यामुळे घंटेचा रोख समोरच्या घराच्या आत जाण्याची शक्यता अधिक असते. यावर उपाय म्हणून कॅमेरा तिरका बसवण्यासाठी पाचर वापरली जाते, तसेच ॲपमध्ये चित्राचा ठरावीक भाग झाकण्याची व ध्वनिमुद्रण बंद ठेवण्याची सोय असते.

ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असलेल्या घरांत परगावी किंवा परदेशी असलेले नातेवाईक घंटेचे खाते सांभाळतात असेही दिसते. अशा वेळी घरात राहणाऱ्या व्यक्तीच्याच येण्याजाण्याची नोंद दुसऱ्याकडे जमा होत असते. खाते कोणाच्या नावावर आहे आणि चित्रण कोण पाहू शकतो, हा तेथे तांत्रिक बाबीइतकाच संमतीचाही प्रश्न ठरतो.

## सामान्य अडचणी

* सूचना उशिरा येणे: क्षीण वाय-फाय, बॅटरीवरील घंटेची निद्रावस्था किंवा मोबाइलने बॅटरी वाचवण्यासाठी ॲप पार्श्वभूमीत थांबवणे ही प्रमुख कारणे होत.
* चित्र अडखळणे: अपलोड वेग अपुरा असणे अथवा वाहिनीवर गर्दी असणे. चित्राचा दर्जा कमी केल्यास किंवा राउटरची वाहिनी बदलल्यास फरक पडतो.
* रात्री जोडणी तुटणे: अवरक्त दिवे लागल्यावर विजेचा वापर वाढतो. रोहित्र कमी क्षमतेचे असल्यास घंटा पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होते.
* राउटर बदलल्यावर घंटा न जोडली जाणे: नव्या राउटरचे वाय-फाय नाव व पासवर्ड जुनेच ठेवल्यास बहुधा पुनर्नोंदणी टळते.
* अनावश्यक सूचना: रस्त्यावरील वाहने किंवा हलणाऱ्या फांद्या यांमुळे येतात. हालचाल टिपण्याचे क्षेत्र मर्यादित करणे हा उपाय आहे.

## हे सुद्धा पहा

* वाय-फाय
* राउटर
* सीसीटीव्ही
* वस्तूंचे आंतरजाल
* संगणक सुरक्षा
* खासगीपणाचा अधिकार